यांत्रिक बाष्पकाकडून नियंत्रित बाष्पकाकडे

एखादे साधन रचनेने जितके साधे तितके ते निर्धोक, असा एक सर्वसाधारण समज आढळतो. जाते, रहाट, पाटा-वरवंटा यांच्या बाबतीत तो बहुतांशी खराही आहे. विजेच्या साधनांना मात्र तो लागू करणे धोक्याचे ठरते. एक घट, एक कळ आणि एक तापणारी तार, एवढेच ज्याचे सारे मंडल, असे साधन समजावयास अत्यंत सोपे. परंतु त्या मंडलातील प्रवाह भलत्याच मर्यादेस पोचला तर त्याला अटकाव करणारे असे त्यात काहीच नसते. प्रवाहाला मर्यादा घालण्याचे काम कोणी तरी करावयाचेच असते. साधन ते करीत नसल्यामुळे ते वापरणाऱ्यावर येऊन पडते. ई-सिगारेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाष्पकांच्या इतिहासात ही गोष्ट फार स्पष्टपणे दिसून आली. यांत्रिक बाष्पक, ज्यांना त्यांचे भोक्ते ‘मेकॅनिकल मॉड’ किंवा नुसते ‘मेक’ म्हणतात, ते बाजूस ठेवून इलेक्ट्रॉनिक मंडलाने नियंत्रित केलेले बाष्पक हाती घेणे, हे वरवर पाहता एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू घेण्याइतके किरकोळ वाटते. प्रत्यक्षात त्या बदलाबरोबर घटातून वाहणाऱ्या प्रवाहाचा सारा हिशेबच उलटा होतो, आणि जुना हिशेब मनात ठेवून नवे साधन वापरणाऱ्याची फसगत होते. ती कशी, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

भारतात या साधनांचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर २०१९ च्या सप्टेंबरमध्ये वटहुकुमाने आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये संसदेच्या कायद्याने बंदी घालण्यात आली. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या अपराधाला एक वर्षापर्यंत कारावास, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. तेव्हा हा विषय मुख्यतः ब्रिटन, अमेरिका यांसारख्या देशांतला होय. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तो क्वचित घरातलाही असू शकेल. इतरांना तो विद्युत्‌शास्त्रातील एक बोलके उदाहरण म्हणून उपयोगी पडेल. निकोटीन हे व्यसन लावणारे द्रव्य आहे आणि ते घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न वैद्यकाचा आहे. येथे विचार आहे तो घट, तार व प्रवाह यांचा.

धूम्रविरहित सिगारेटची कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट याने तिचे पेटंट १९६५ मध्येच मिळविले होते. परंतु बाजारात टिकून राहिलेला पहिला नमुना होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने २००३ च्या सुमारास सिद्ध केला. हे आरंभीचे नमुने आकाराने सिगारेटसारखेच बारीक होते. त्यांत मावणारा घटही तितकाच लहान, आणि म्हणून बाष्प थोडे व घट लवकर संपणारा. यावर हौशी लोकांनी शोधलेला उपाय अगदी हातचा होता. विजेच्या टॉर्चची धातूची नळी घ्यावयाची, तीत मोठा लिथियम-आयन घट बसवावयाचा, आणि नळीच्या तोंडावर बाष्पन करणारे मुंडके आट्यांनी घट्ट करावयाचे. मूळ वस्तूत केलेला फेरफार म्हणून या साधनांना ‘मॉड’ हे नाव पडले. पुढे कारखान्यांनी ती पितळेत, तांब्यात, पोलादात सुबकपणे घडविली. काही तर संग्राह्य वस्तू म्हणून मोठ्या किमतीस विकली गेली. रचनेत मात्र फरक पडला नाही.

ती रचना अशी. नळीत बहुधा ‘१८६५०’ या जातीचा घट असतो. या आकड्याचा अर्थ व्यास १८ मिलिमीटर व लांबी ६५ मिलिमीटर इतकाच आहे. नळीच्या बुडाशी स्प्रिंगवर किंवा लोहचुंबकावर तोललेली कळ असते. ती दाबली की घटाचे ऋण अग्र नळीला टेकते; नळी स्वतःच प्रवाहाची परतवाट बनते. वरच्या टोकास, ‘५१०’ या नावाने रूढ झालेल्या ७ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांवर मुंडके बसते. त्याच्या मध्यभागी विद्युत्‌रोधकाने वेगळी केलेली एक खुंटी असून ती घटाच्या धन अग्राला भिडते. मुंडक्यात तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, आणि तिच्या पोटातून ओवलेली कापसाची वात. ही वात प्रोपिलीन ग्लायकोल व ग्लिसरीन यांच्या मिश्रणात भिजत असते. तार तापली की त्या द्रवाचे बाष्प होते आणि बाहेर येताच थंड होऊन त्याचे सूक्ष्म थेंबांचे धुके बनते. धुके हाच त्याला योग्य शब्द. धूर तो नव्हे.

लिथियम-आयन घट पूर्ण भारलेला असताना त्याच्या अग्रांमधील दाब ४.२ व्होल्ट असतो आणि वापरता वापरता तो साडेतीन व्होल्टच्याही खाली येतो. यांत्रिक बाष्पकात हा दाब जसा असेल तसाच तारेच्या वाट्यास येतो. ओहमच्या नियमाप्रमाणे दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो, आणि दाबाच्या वर्गाला रोधाने भागले की शक्ती. कॉइलचा रोध अर्धा ओहम असेल तर भारलेल्या घटातून ८.४ अँपिअर प्रवाह निघतो व कॉइलमध्ये सुमारे ३५ वॅट शक्ती खर्च होते, दाब ३.४ व्होल्टवर आला म्हणजे प्रवाह ६.८ अँपिअर व शक्ती २३ वॅट. म्हणजे सकाळचा झुरका आणि संध्याकाळचा झुरका यांत तिसऱ्या हिश्श्याइतका फरक पडतो. घट उतरत चालला की धुके विरळ होत जाते, आणि अनुभवी माणूस त्यावरूनच घट बदलण्याची वेळ ओळखतो. कोणतेही दर्शक नसलेल्या साधनाचा हा एक नैसर्गिक दर्शकच म्हणावयाचा.

आता कॉइलचा रोध कमी करीत गेल्यास काय होईल, हे सांगावयास नको. दाट धुक्याच्या हौसेने ०.१ ओहमची कॉइल बनविली, तर नुसत्या भागाकाराने प्रवाह ४२ अँपिअर येतो. या जातीच्या चांगल्या घटांची अखंड प्रवाह देण्याची मर्यादा सामान्यतः २० ते ३० अँपिअरच्या आत असते. मर्यादा ओलांडली म्हणजे घट तत्काळ फुटतो असे नव्हे. तो आतून तापू लागतो. एका ठरावीक तापमानापलीकडे घटातील रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात, त्या उष्णतेने क्रिया आणखी वेगवान होतात, आणि मग बाहेरचा प्रवाह तोडूनही उपयोग होत नाही. २५०० मिलिअँपिअर-तासांच्या घटात सुमारे ३२ हजार जूल विद्युत्-ऊर्जा साठविलेली असते. तेवढ्या ऊर्जेने १०० मिलिलिटर पाणी उकळीच्या जवळ पोचेल. घटातील ज्वालाग्राही द्रव पेटल्यास त्याची उष्णता याहून निराळी. घट फुगून आतील वायू बाहेर पडण्यासाठी धन अग्राजवळ झडप असते. परंतु नळीला वायू जाण्यास पुरेशी भोके नसतील, तर चहूबाजूंनी बंद असलेली ती धातूची नळी आणि सुरुंगाची नळी यांत फारसा भेद उरत नाही.

यांत्रिक बाष्पकाच्या एका उपप्रकाराविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. ‘हायब्रिड’ नावाच्या या प्रकारात मुंडके आणि घट यांच्यामध्ये कोणताही दुवा नसतो. मुंडक्याची खुंटी थेट घटावर टेकते. घटाचे धन अग्र म्हणजे वरची मधली टोपी, हे सर्वांस ठाऊक असते. पण घटाचा उरलेला सारा डबा, वरच्या कडेसकट, ऋण असतो, आणि या दोहोंमध्ये केवळ एक पातळ रोधक कडे व बाहेरचे प्लॅस्टिकचे वेष्टन असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खुंटी आट्यांच्या पुढे पुरेशी आलेली नसली, तर आट्यांची धातूची कडाच घटाच्या माथ्यावर बसते व टोपी आणि डबा यांना एकदम जोडते. यालाच शॉर्ट सर्किट म्हणतात. या वेळी मार्गात कॉइल नसतेच. असतो तो केवळ घटाचा अंतर्गत रोध. कळ दाबण्याचीही गरज राहत नाही.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जानेवारी २००९ ते डिसेंबर २०१६ या अवधीत वृत्तपत्रादी माध्यमांतून आलेल्या आगीच्या व स्फोटाच्या १९५ घटना नोंदविल्या आहेत. त्यांत १३३ जणांना इजा झाली. ३८ इजा गंभीर होत्या. या अवधीत मृत्यू एकही नव्हता. पुढे मे २०१८ मध्ये फ्लॉरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे बाष्पकाच्या स्फोटाने माणसे दगावली, आणि दोन्ही वेळी ते बाष्पक यांत्रिक प्रकारचे असल्याचे वृत्त होते. अहवालातील सर्वच घटना यांत्रिक साधनांच्या आहेत असे मात्र समजू नये. नियंत्रित साधनेही त्यांत आहेत, खिशात सुटा ठेवलेला घटही आहे आणि भारताना पेटलेली साधनेही आहेत.

नियंत्रित बाष्पकात घट आणि कॉइल यांच्यामध्ये एक छोटे मंडल येऊन बसते. त्यातील सूक्ष्म नियंत्रक प्रथम कॉइलचा रोध मोजतो. रोध ठरावीक मर्यादेहून कमी असेल, किंवा मंडल कोठे तुटले असेल, तर तो प्रवाह सोडीतच नाही. रोध योग्य असेल तर वापरणाऱ्याने पडद्यावर ठरविलेली शक्ती मिळावी म्हणून किती दाब हवा हे तो काढतो, आणि दाब वाढविणारे किंवा उतरविणारे परिवर्तक तो दाब सिद्ध करते. घटाचा दाब ४.२ व्होल्ट असो की ३.५, कॉइलला मिळणारी शक्ती तीच राहते. कळ चुकून दाबली गेली किंवा अडकली, तर बहुधा दहा सेकंदांच्या सुमारास प्रवाह आपोआप बंद होतो. घट फार उतरला किंवा मंडल फार तापले, तरीही तेच होते. घट उलटा घातल्यास होणारा अनर्थही बहुतेक साधनांत टाळलेला असतो. यांत्रिक साधनात ही प्रत्येक गोष्ट माणसाने आठवणीने करावयाची असते, आणि माणूस कधी तरी विसरतोच.

सगळीच नियंत्रित म्हणविणारी साधने सारखी नव्हेत. काहींत कळीऐवजी मॉस्फेट नावाचा अर्धसंवाहक स्विच बसविलेला असतो, एवढेच. त्यामुळे कळीच्या स्पर्शबिंदूवर ठिणगी पडून तो जळत नाही. पण दाब घटाचाच असतो व मर्यादा घालणारे कोणी नसते. अशा साधनाला यांत्रिकाचाच सुधारलेला भाऊ समजावे. काही जुन्या साधनांत दाबाचे नियंत्रण स्पंदनांनी केलेले होते आणि तेथे एक गमतीची चूक आढळे. सहा व्होल्टची स्पंदने निम्मा वेळ चालू व निम्मा वेळ बंद ठेवली तर सरासरी दाब तीन व्होल्ट येतो, आणि पडद्यावर तीन हाच आकडा दिसे. उष्णता मात्र दाबाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती स्थिर तीन व्होल्टपेक्षा बरोबर दुप्पट होई. वापरणाऱ्याला कापूस करपल्याचा वास येई आणि दोष द्रवाला दिला जाई.

आता मुख्य मुद्दा. यांत्रिक साधन वापरणाऱ्याने वर्षानुवर्षे एक सूत्र घोकलेले असते: कॉइलचा रोध जितका कमी तितका घटावरील भार अधिक, आणि घट ताजा असताना तो सर्वांत अधिक. त्याच्या साधनापुरते हे सूत्र अगदी बरोबर आहे. नियंत्रित साधनात त्याचे दोन्ही भाग खोटे ठरतात. तेथे घटाकडून मागितली जाते ती शक्ती, आणि घटाचा प्रवाह म्हणजे त्या शक्तीला घटाच्या दाबाने भागून येणारी संख्या. कॉइलचा रोध या भागाकारात येतच नाही. ०.२ ओहमची कॉइल असो की एक ओहमची, साधन ६० वॅटवर ठेवले तर घटावरील भार जवळजवळ तोच. परिवर्तकाची कार्यक्षमता शेकडा ९० धरली, तर घटाकडून सुमारे ६७ वॅट घेतले जातात. दाब ४.२ व्होल्ट असताना प्रवाह १६ अँपिअरच्या किंचित खाली राहतो, दाब ३.२ व्होल्टवर उतरला की तोच प्रवाह २१ अँपिअरच्या जवळ पोचतो. म्हणजे घट जसजसा थकतो तसतसे त्याच्याकडून अधिक काम घेतले जाते. यांत्रिक साधनात उतरलेला घट हा सर्वांत निरुपद्रवी. नियंत्रित साधनात सर्वांत अधिक ताण पडतो तो त्याच घटावर. बैलगाडी चढणीला लागली की थकलेला बैल आपोआप संथ होतो, हे यांत्रिकाचे वागणे. नियंत्रित साधन त्याला आसूड दाखवून वेग कायम ठेवावयास लावते.

यास्तव नियंत्रित साधनासाठी घटाची निवड करताना दाब ४.२ धरून हिशेब करणे चुकीचे आहे. साधन ज्या दाबाला बंद पडते तो दाब, म्हणजे सामान्यतः ३.१ ते ३.३ व्होल्ट, धरूनच प्रवाह काढला पाहिजे. एका घटावर ६० वॅट चालविणे २० अँपिअरच्या घटाला परवडत नाही, हे वरील उदाहरणावरून दिसेल. म्हणूनच अधिक शक्तीच्या साधनांत दोन घट घातलेले असतात. ते मालिकेत जोडले तर दाब दुप्पट होतो आणि त्याच ६० वॅटसाठी घट उतरलेले असतानाही प्रवाह साडेदहा अँपिअरच्या आसपास राहतो. दोन्ही घटांतून एकच प्रवाह जात असल्यामुळे ते एका जातीचे, एका वयाचे व नेहमी जोडीनेच वापरलेले असावे लागतात; एक जुना व एक नवा घातल्यास जुना आधी रिता होतो आणि नव्याच्या जोरावर मर्यादेखाली ओढला जातो. यांत्रिक साधनातून निवृत्त झालेला घट नव्या घटाच्या जोडीला लावण्याचा मोह या कारणासाठी टाळावा.

दुसरी फसगत होते ती शक्तीचा आकडा ठरविताना. समजा, एखाद्याने यांत्रिक साधनावर ०.२ ओहमची कॉइल वापरली आहे आणि तिचे धुके त्याला मानवले आहे. तेच मुंडके तो नव्या साधनावर बसवितो, कारण आटे दोन्हीकडे सारखेच असतात. आता किती वॅट ठेवावयाचे? जुने सूत्र सांगते: ४.२ चा वर्ग भागिले ०.२, म्हणजे ८८ वॅट. तो तितके ठेवतो, आणि पहिल्याच झुरक्यात घसा पोळून कापूस करपतो. चूक सूत्राची नाही. त्यात रोध अपुरा धरला आहे. यांत्रिक साधनात कॉइलखेरीज घटाचा अंतर्गत रोध, कळीचा स्पर्शरोध आणि आट्यांचा रोध हेही मार्गात असतात. ते सर्व मिळून ०.०४ ओहम धरले, तर एकूण रोध ०.२४ ओहम, प्रवाह १७.५ अँपिअर, आणि कॉइलच्या वाट्यास येणारा दाब केवळ ३.५ व्होल्ट. म्हणजे कॉइलमध्ये प्रत्यक्ष खर्च होत होते ते सुमारे ६१ वॅट. आणखी १२ वॅट घट व कळ तापविण्यात जात होते. घटाचा दाब ३.६ व्होल्टपर्यंत उतरल्यावर कॉइलच्या वाट्याला ४५ वॅटच येत. वापरणाऱ्याच्या जिभेला जी चव परिचयाची झाली ती या ६१ ते ४५ वॅटांच्या दरम्यानची, ८८ ची कधीच नव्हे. सबब नव्या साधनावर आरंभ ४० ते ४५ वॅटपासून करून दोनदोन वॅटांनी वर जावे, हा अनुभवी लोकांचा सल्ला हिशेबालाही धरून आहे. अशा वेळी सवयीपेक्षा कमी आकड्यावरच बहुतेकांचे समाधान होते, आणि ‘नवे साधन अधिक जोरदार आहे’ असा त्यांचा ग्रह होतो. साधन जोरदार नसते. जुन्यातली गळती थांबलेली असते.

करपण्याचा प्रश्न चवीपुरता नाही. प्रोपिलीन ग्लायकोल १८८ अंश सेल्सिअसला उकळते व ग्लिसरीन २९० ला. वात ओली असेतोवर कॉइलचे तापमान या द्रवांच्या उकळण्यानेच आवरले जाते. भाताच्या पातेल्यात पाणी असते तोवर तळ करपत नाही, पाणी आटले की काही क्षणांत लागतो, तसाच हा प्रकार. वात सुकली की कापूस जळतो आणि द्रवाचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये उत्पन्न होतात. अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्रात, ५ व्होल्ट दाबावर फॉर्माल्डिहाइड देणारी संयुगे मोठ्या प्रमाणात सापडल्याचे व ३.३ व्होल्टवर ती न आढळल्याचे नमूद केले. त्यावर ग्रीक संशोधक फर्सालिनोस यांनी त्याच वर्षी स्वतंत्र प्रयोगांनी असे दाखविले की, ही वाढ सुकलेल्या वातीच्या स्थितीत होते, आणि तसा झुरका इतका कडवट लागतो की माणूस तो घेतच नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर त्यांत विरोध उरत नाही. व्होल्टचा आकडा एकटा काहीच सांगत नाही; किती पृष्ठभागाच्या तारेवर किती शक्ती टाकली आणि तेथे द्रव पोचत होता की नाही, यावर सारे अवलंबून आहे. नियंत्रित साधनाचा गुण असा की तेथे ही शक्ती स्थिर व ज्ञात असते. त्याचा दोष असा की वात सुकली तरी ते तितकीच शक्ती इमाने-इतबारे ओतीत राहते.

हा दोष काढण्याचा प्रयत्न तापमान-नियंत्रणाने झाला. ओहायो राज्यातील इव्हॉल्व्ह या कंपनीचे ‘डीएनए ४०’ हे मंडल २०१४ मध्ये आले, आणि त्यापासून ही पद्धत रूढ झाली. हिच्यात वेगळा तापमापक नसतो. तारच तापमापकाचे काम करते. बहुतेक धातूंचा रोध तापमानाबरोबर वाढतो. निकेलमध्ये ही वाढ दर अंशास मूळ रोधाच्या सुमारे ०.००६ पट असते. २० अंशांवर ०.१ ओहम असलेली निकेलची कॉइल २२० अंशांवर ०.२२ ओहम होते. मंडल हा वाढता रोध सतत मोजीत राहते आणि ठरलेल्या मर्यादेस पोचताच शक्ती कमी करते. वात सुकली तर तापमान झपाट्याने चढू पाहते आणि शक्ती तितक्याच झपाट्याने उतरते. तोंडात कडवट धुराऐवजी जवळजवळ काहीच येत नाही. लोह, क्रोमियम व अल्युमिनियम यांच्या कँथाल या मिश्रधातूच्या तारेचा रोध तापमानाबरोबर फारसा बदलत नाही, म्हणून यांत्रिक साधनात सर्वांत प्रिय असलेली ती तार येथे निरुपयोगी ठरते. अलीकडे गंजविरहित पोलादाची तार अधिक वापरतात. तिचा गुणांक निकेलच्या सुमारे एकषष्ठांश, म्हणजे दर अंशास जवळजवळ ०.००१ आहे. त्यामुळे ०.२ ओहमच्या पोलादी कॉइलमध्ये आट्यांवर साचलेल्या मळाने ०.०१ ओहमचा जरी फेर पडला, तरी तापमानाच्या मापनात ५० अंशांची चूक होते. मुंडके थंड असताना बसवावे, आटे पुसून घ्यावेत, असे जे सांगतात त्याचे कारण हेच.

इतके असूनही नियंत्रित साधन सर्व संकटांतून सोडविते, असा समज करून घेणे योग्य नव्हे. मंडल पाहते ते मुंडक्याच्या बाजूस घडणारे. घटाचे प्लॅस्टिकचे वेष्टन फाटले असेल, सुटा घट किल्ल्यांबरोबर खिशात ठेवला असेल, किंवा घटावर छापलेली प्रवाहाची मर्यादाच खोटी असेल, तर मंडल काय करणार? हलक्या घटांवर नवे वेष्टन चढवून ३५, ४० अँपिअरचे आकडे छापण्याचा धंदा चांगला फोफावलेला आहे, आणि नियंत्रित साधनाचा ग्राहक गाफील असल्यामुळे तोच त्याला अधिक बळी पडतो. यांत्रिक साधनाचा जुना भोक्ता निदान घटाची जात पारखून घेतो, रोध मापकावर तपासतो, वेष्टन पाहतो. ही त्याची शिस्त भीतीपोटी आलेली असली तरी मोलाची आहे. साधनाबरोबर तीही टाकून देणाऱ्याचा या बदलात तोटाच होतो. यांत्रिक साधनाच्या बाजूने आणखीही बोलता येते. ते मातीत पडले तरी पुसून चालते, त्याचा प्रत्येक भाग घरी दुरुस्त होतो आणि एखाद्या मंडलातील दोन रुपयांचा घटक गेला म्हणून सारे साधन फेकावे लागत नाही. एकदाच वापरून फेकावयाच्या बाष्पकांनी एवढा कचरा केला की ब्रिटनने १ जून २०२५ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली, ही गोष्ट लक्षात घेता टिकाऊपणाचा हा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु कळ चुकून दाबलेली राहिली तर खिशातील नळीतून प्रवाह वाहतच राहणार, या एका वस्तुस्थितीपुढे त्याचे वजन कमी पडते.

बदल करणाऱ्यांकडून पहिल्या आठवड्यात हमखास येणारी एक तक्रार येथे नोंदविली पाहिजे. जुने घट नव्या साधनात घातले की ते ‘लवकर संपतात’. पडद्यावर घट निम्मा भरलेला दिसत असतानाच साधन घट अशक्त असल्याची सूचना देऊन बंद पडते. पुष्कळांना हा साधनाचा दोष वाटतो. वस्तुतः घट जुना होतो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढत जातो, आणि मोठा प्रवाह मागितला की त्या रोधातच बराच दाब खर्ची पडून अग्रांमधील दाब क्षणभर मर्यादेखाली जातो. कळ सोडली की तो पुन्हा वर येतो, म्हणून घट भरलेला दिसतो. यांत्रिक साधनातही हेच घडत होते. पण तेथे धुके थोडे पातळ होण्यापलीकडे त्याची वार्ता कोणी देत नव्हते, आणि वापरणारा कॉइलचा रोध आणखी थोडा उतरवून त्याच थकलेल्या घटावर भार वाढवीत असे.